वर्षाच्या मध्येच परदेशातून परतताना: आठवी ते बारावीच्या मुलांचा शाळाप्रवेश

परत यायचं नक्की झालं की घरात आधी फ्लॅटचं बोलणं होतं, मग सामानाच्या कंटेनरचं, आणि शाळेचा विषय निघतो तोवर तिकिटं काढून झालेली असतात. मूल दुसरी-तिसरीत असेल तर त्याने फारसं बिघडत नाही; जून असो की जानेवारी, जवळपासच्या कुठल्या तरी शाळेत जागा निघते. आठवीच्या पुढे मात्र परतीचा महिना चुकला तर अख्खं वर्ष हातचं जाऊ शकतं. याचं कारण बोर्डांच्या नोंदणीच्या वेळापत्रकात आहे, आणि ते मोडणं मुख्याध्यापकांच्याही हातात नसतं.

अमेरिका, इंग्लंड, आखातातून पुण्या-मुंबईकडे परतणाऱ्या बऱ्याच घरांची ही धावपळ मी जवळून पाहिली आहे. त्यावरून एक क्रम मी प्रत्येकाला सांगते: आधी इयत्ता ठरवा, मग बोर्ड, मग शाळा, आणि घर सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलटे जातात. बाणेरला फ्लॅट घेतात आणि मग खराडीच्या शाळेत जागा मिळाली म्हणून मुलाला रोज शहर ओलांडायला लावतात.

मूल कुठल्या इयत्तेत बसतं

अमेरिका-कॅनडातली ग्रेड इथल्या इयत्तेशी सरळ जुळते. इंग्लंडच्या इयरमधून एक वजा करायचा: इयर 10 म्हणजे आपली नववी आणि जीसीएसईच्या परीक्षेचं इयर 11 म्हणजे दहावी. आखातातल्या ब्रिटिश शाळांनाही हाच हिशेब लागतो. सिंगापूरची सेकंडरी 3 ही आपली नववी.

इयत्तांची नावं जुळली तरी वर्षं जुळत नाहीत. सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपतात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी थोड्या उशिरा. अमेरिका-इंग्लंडचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबर ते जून, तर ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरचं जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात नववी ग्रेड संपवून आलेली मुलगी सीबीएसईच्या दहावीला दोन महिने उशिरा पोचते, पण राज्य मंडळाच्या दहावीला पहिल्या दिवशी हजर असते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धा ताण कमी होतो. गोव्याला जाणाऱ्यांनी मात्र जूनचा हिशेब धरू नये. तिथे 2025 पासून सहावीपुढचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले आहेत.

आखातातल्या सीबीएसई शाळेतून येणाऱ्यांचं काम सगळ्यांत सोपं. बोर्ड तेच, वर्ष तेच, पुस्तकं तीच. त्यांनी खाली कागदपत्रांचा भाग नीट वाचला तरी पुरे.

कुठल्या इयत्तेचं दार किती उघडं

आठवीपर्यंत कायदा तुमच्या बाजूने आहे. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांना वयानुरूप वर्गात प्रवेश देतो, वर्ष सुरू होऊन गेलं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असंही सांगतो. सरकारी आणि अनुदानित शाळांत आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी मुलाला बाहेर ठेवता येत नाही. विनाअनुदानित खासगी शाळेत प्रत्यक्षात जागा असेल तरच प्रवेश होतो, तरीही मधल्या महिन्यात आठवीत शिरणं जमण्यासारखं असतं. डिसेंबरात यावंच लागणार असेल आणि मूल आठवीत असेल तर बिनधास्त या.

नववीत फेरा सुरू होतो. सीबीएसई आणि आयसीएसई या दोन्हींत नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम धरला जातो, आणि दहावीला बसणाऱ्या मुलाची बोर्डाकडे नोंदणी नववीतच होते. सीबीएसईची नोंदणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकते. त्या आधी आलात तर नववीत प्रवेश ही नेहमीची गोष्ट आहे. नोंदणी उरकल्यावर, म्हणजे नोव्हेंबर ते मार्चमध्ये, शाळा कचरतात, कारण त्या मुलाचं नाव बोर्डाच्या यादीत घालायला त्यांना वेगळी परवानगी मागावी लागते. राज्य मंडळात नववीची परीक्षा शाळाच घेते, म्हणून तिथे थोडी मोकळीक असते.

नववीच्या मध्यावर, जानेवारीत परतणाऱ्यांची स्थिती सर्वांत अवघड. इथली नववी संपायला दोन-अडीच महिने उरलेले असतात आणि तिथली नववी अर्धवट सुटलेली असते, त्यामुळे दोन्हीकडचं पूर्ण प्रगतिपुस्तक हातात येत नाही. अशा घरांना माझा आग्रहाचा सल्ला असतो की जमलं तर एका पालकाने मुलासोबत जूनपर्यंत मागे थांबावं. पाच महिने दोन घरं चालवणं खर्चाचं आहे, पण नववी पास असा स्वच्छ कागद घेऊन आलेल्या मुलाला जूनमध्ये राज्य मंडळाच्या दहावीचा रस्ता, परवानगी घेऊन का होईना, त्यामानाने मोकळा असतो.

दहावीत थेट प्रवेश हा अपवाद असतो, नियम नसतो. सीबीएसईमध्ये पालकांची बदली किंवा कुटुंबाचं स्थलांतर अशा कारणासाठी बोर्डाच्या परवानगीने तो होतो. परदेशी बोर्डाची नववी झालेल्या मुलासाठी शाळेचे प्राचार्य सगळे कागद आणि स्वतःची शिफारस बोर्डाकडे पाठवतात, आधीचं शिक्षण इथल्या इयत्तेच्या तोडीचं आहे याची बोर्ड खात्री करतं. पालकांनी थेट बोर्डाच्या कार्यालयात खेटे घालून उपयोग नाही, अर्ज शाळेमार्फतच जातो. म्हणून दहावीसाठी शाळा निवडताना इमारतीपेक्षा, असे अर्ज पूर्वी केलेले प्राचार्य आणि कारकून तिथे आहेत का हे बघा. आयसीएसईच्या दहावीत दुसऱ्या बोर्डातून मध्येच शिरता येईल असं धरून चालू नका. राज्य मंडळात परवानगी विभागीय मंडळ आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या पातळीवर हलते. दहावीचे परीक्षेचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरले जातात, त्याच्या बऱ्याच आधी मुलाचं नाव हजेरीपटावर चढलेलं हवं.

इंग्लंडमध्ये मूल इयर 11 मध्ये असेल तर जीसीएसई पूर्ण करूनच निघा. मधून उचलून आणलेल्या मुलाच्या हाती ना जीसीएसई लागते, ना दहावी.

अकरावीचं दार पुन्हा मोठं उघडतं. महाराष्ट्रात 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यासाठी एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात; त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती या भागांपुरती होती. अर्जाचा पहिला भाग माहितीचा, दुसरा कॉलेजांच्या पसंतीचा. परदेशी बोर्डाच्या मुलांचे गुण किंवा श्रेणी तपासून घ्याव्या लागतात आणि विभागीय मंडळाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं, ते कॉलेजमार्फत निघतं. पेच निकालाच्या तारखेचा येतो. जीसीएसईचे निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात लागतात. तोवर नियमित फेऱ्या बहुतेक उरकलेल्या असतात, नामवंत कॉलेजांच्या जागा भरलेल्या असतात आणि शेवटच्या खुल्या फेरीत उरलेल्या जागांतून निवडावं लागतं. हे माहीत असेल तर आधीच व्यवस्थापन कोट्याच्या जागेसाठी किंवा ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळेत चौकशी करून ठेवता येते.

बारावीत येऊ नका. अकरावी परदेशात आणि बारावी इथे हे जुळवणं जवळजवळ अशक्य आहे, आणि जुळलंच तर मुलाचे हाल होतात. बारावी तिथेच संपवू द्या.

बोर्ड ठरवण्याआधी कॉलेजकडे बघा

हा भाग घाईत सुटतो आणि तीन-चार वर्षांनी त्रास देतो, म्हणून इथे जरा थांबते.

मुलाला डॉक्टर व्हायचं असेल तर महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या 85 टक्के राज्य कोट्याचा नियम आधी वाचा. त्यासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून उत्तीर्ण झालेल्या लागतात. यातले अपवाद मुख्यतः सरकारी आणि लष्करी सेवेतल्या पालकांच्या मुलांसाठी आहेत. दहावी दुबईत किंवा न्यू जर्सीत करून अकरावीला पुण्यात आलेल्या मुलाचा या जागांवरचा हक्क जातो. त्याच्यासाठी 15 टक्के अखिल भारतीय कोटा आणि खासगी महाविद्यालयांतल्या महागड्या जागा उरतात. म्हणून वैद्यकीयचा विचार पक्का असेल तर दहावीच्या आधी परतणं किंवा बारावीपर्यंत तिथेच राहणं, यातलं एक निवडा. यात बोर्ड कुठलं हा प्रश्न नाही, सीबीएसईही चालतं. परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळेतून दिलेली असली म्हणजे झालं.

इंजिनिअरिंगला हा नियम सैल आहे. आई किंवा वडिलांचं महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असेल तर राज्याच्या जागांसाठी मुलाला उभं राहता येतं. उलट अकरावी-बारावी परदेशात पूर्ण करणाऱ्यांसाठी एनआयटीसारख्या संस्थांत 'दासा' योजनेच्या वेगळ्या जागा आहेत, आणि आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांना त्याच योजनेत कमी फीची सोय आहे. अकरावीच्या तोंडावर परतलात तर त्या जागा सुटतात.

परदेशात जन्मलेल्या, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असलेल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. शाळेत शिकायला त्यांना वेगळा व्हिसा लागत नाही, तिथे काहीच अडत नाही. पण केंद्र सरकारच्या 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार नीट, जेईई यांसारख्या परीक्षांतून मिळणाऱ्या जागांपैकी ओसीआय विद्यार्थ्यांना फक्त एनआरआय किंवा अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जास्तीच्या) जागाच मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ही अट त्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्यांनाच लागू धरली. तेव्हा मुलाच्या कार्डावरची मूळ तारीख आजच बघून ठेवा.

मूल बारावीनंतर पुन्हा परदेशी जाणार हे ठरलेलं असेल तर केंब्रिज किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या शाळा सोयीच्या पडतात. केंब्रिजच्या परीक्षा भारतात मार्च, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा तीन वेळा होतात, त्यामुळे मध्ये आलेल्या मुलाला उसंत मिळते. फी वर्षाला काही लाखांच्या घरात जाते आणि महाराष्ट्रात अशा शाळा मुंबई-पुण्याबाहेर फारशा नाहीत. मूल इथेच शिकणार असेल तर केवळ वातावरण ओळखीचं वाटावं म्हणून ही वाट धरू नये, असं माझं मत आहे. दोन वर्षांनी नीट-जेईईच्या रांगेत ते एनसीईआरटीची पुस्तकं नव्याने उघडतं.

निघण्यापूर्वी तिथून आणायचे कागद

इथली प्रत्येक शाळा 'टीसी', म्हणजे आधीची शाळा सोडल्याचा दाखला मागते. अमेरिकेतल्या शाळेला टीसी हा प्रकारच ठाऊक नसतो, आणि ऑफिसातली बाई तुमच्याकडे बघत राहते. तिच्याकडून शाळेच्या कागदावर, सही-शिक्क्यासह एक पत्र मागा. त्यात मुलाचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख, कुठली इयत्ता पूर्ण केली आणि पुढच्या कुठल्या इयत्तेत बढती मिळाली, फी बाकी नाही, आणि वर्तणूक चांगली, एवढं हवं. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, त्या लोकांना ते सोपं जातं. इंग्लंडमध्येही मुख्याध्यापकांचं असंच पत्र चालतं.

त्याबरोबर मागच्या तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं किंवा ट्रान्सक्रिप्ट, चालू वर्षाच्या हजेरीचं लेखी प्रमाणपत्र आणि प्रत्येक विषयात काय शिकवलं याचा एक-दोन पानी गोषवारा घ्या. हजेरीचा कागद कोणी आठवणीने आणत नाही, पण इथे बोर्डाच्या परीक्षेला बसायला 75 टक्के उपस्थिती लागते, आणि मध्येच आलेल्या मुलाचे आधीचे महिने मोजायचे तर पुरावा तोच.

साक्षांकन तिथे असतानाच करून घ्या. एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा धरला जावा म्हणून त्यावर लावतात ते प्रमाणपत्र म्हणजे अपोस्टिल, आणि भारत त्या कराराचा सदस्य आहे. अमेरिका, इंग्लंड, ओमान, सौदी, सिंगापूरसारख्या देशांत कागदावर अपोस्टिल लावून मिळतं, कॅनडातही 11 जानेवारी 2024 पासून ही सोय झाली. यूएई किंवा कतारमध्ये ते चालत नाही, तिथल्या शिक्षण खात्याचा आणि मग भारतीय वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो. परत आल्यावर हे काम कुरिअर आणि एजंटांच्या हातात जातं आणि रेंगाळतं.

जन्मदाखला, पासपोर्ट, ओसीआय कार्ड, लसीकरणाची नोंद आणि आई-वडिलांचे स्वतःचे शाळा सोडल्याचे दाखले हातातल्या बॅगेत ठेवा, कंटेनरमध्ये नाही. राखीव प्रवर्गातल्या कुटुंबांनी वडिलांकडच्या जातीचे पुरावेही. आधारचं असं आहे: भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाला आल्या आल्या अर्ज करता येतो, ओसीआय मुलाला मात्र आधीच्या 12 महिन्यांत 182 दिवस भारतात राहिल्यावरच. शाळेचा कारकून पोर्टलवर नाव चढवायला आधार मागेल. ओसीआय मुलाच्या बाबतीत हा नियम त्याला शांतपणे दाखवा.

जागा शोधणं

वेबसाइटवर 'प्रवेश बंद' लिहिलेलं असतं तेव्हाही जागा असतात. बदलीच्या नोकऱ्यांमुळे दिवाळीच्या सुट्टीत आणि एप्रिल-मे महिन्यांत मुलं गाव सोडून जातात, आणि त्या जागा कुठेही जाहीर होत नाहीत. म्हणून ईमेल पाठवून वाट बघत बसण्यापेक्षा फोन करा, तोही सकाळी अकराच्या सुमारास, ऑफिस शांत असताना. प्रश्न नेमका विचारा: "मॅडम, नववीच्या इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत सध्या पट किती आहे? कोणी दाखला काढतंय का?" पट विचारणाऱ्या पालकाला कारकून वेगळं उत्तर देतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. सीबीएसईच्या तुकडीला 40 मुलांची मर्यादा आहे आणि पालकांच्या बदलीसारख्या कारणासाठी 45 पर्यंत जायची मुभा बोर्डाने दिली आहे. 'तुकडी भरली' असं ऐकलं की तुम्ही स्थलांतराच्या कारणाने येताय हे सांगून त्या सवलतीबद्दल विचारा, नव्या नोकरीचं पत्र जोडा.

यादी करताना नामवंत शाळांच्या मागे सगळी शक्ती घालवू नका. दोन नावाजलेल्या, तीन मध्यम आणि एखादी नव्या वस्तीतली नवी शाळा अशी यादी ठेवा. पुण्याजवळ वाकड, हिंजवडी, रावेत या बाजूंना शाळा नव्या असल्याने वरच्या वर्गांत तुकड्या पूर्ण भरलेल्या नसतात. नव्या सीबीएसई शाळेची मान्यता दहावीपर्यंत आहे की नाही, तिची पहिली दहावीची बॅच बाहेर पडली का, हे मात्र बोर्डाच्या संकेतस्थळावर मान्यता क्रमांक घालून स्वतः तपासा. केंद्रीय विद्यालयांत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना अग्रक्रम असतो, खासगी नोकरीतल्या पालकांनी तिथे आशा ठेवू नये. आजी-आजोबा दूर असतील आणि दोघांच्या नोकऱ्या अजून ठरायच्या असतील तर पाचगणीच्या निवासी शाळांचाही विचार करता येतो, पण मूल राजी असेल तरच.

कुणी 'डोनेशन' मागितलं तर? महाराष्ट्रात कॅपिटेशन फीला 1987 च्या कायद्यानेच बंदी आहे. पावती मागा. पावती देणार नाही म्हणाले की उठून या. वर्षाच्या मध्ये पालक अगतिक असतात हे काही लोकांना बरोबर कळतं.

शाळा नक्की झाली की मग घर. तोवर नातेवाइकांकडे किंवा सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये दोन-तीन आठवडे काढलेले परवडतात. भाडेकरार नोंदणीकृत करा, पत्त्याचा पुरावा म्हणून तो सगळीकडे लागतो.

आणि मुलाला यात घ्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे मित्र, संघ, खोली, सगळं एका झटक्यात सुटलेलं असतं, आणि त्याबद्दल कोणी त्याला विचारलेलं नसतं. शेवटच्या दोन शाळांपैकी कुठली हे त्याला ठरवू द्या. वर्ग चालू असताना त्याला तिथे तासभर बसू द्यायला अनेक प्राचार्य तयार होतात, विचारलं तर. स्वतः निवडलेल्या शाळेतल्या पहिल्या वाईट महिन्यातही मूल तग धरतं.

अभ्यासातली फट

बहुतेक शाळा गणित, विज्ञान आणि इंग्रजीची एक चाचणी घेतात. त्यात कमी गुण पडले म्हणून घाबरू नका, पण फट कुठे आहे ते ओळखा. अमेरिकेतल्या हायस्कूलात बरेचदा नववीत जीवशास्त्र, दहावीत रसायन आणि अकरावीत भौतिकशास्त्र असा क्रम असतो. त्यामुळे दहावी ग्रेड संपवून इथे अकरावी सायन्सला आलेल्या हुशार मुलाने भौतिकशास्त्र कधी शिकलेलंच नसतं, आणि इथे पहिल्या महिन्यात सदिश आणि गतीची समीकरणं फळ्यावर येतात. गणितातही तसंच: तिथे बीजगणित आणि भूमिती वेगवेगळ्या वर्षी शिकवतात, इथे दोन्ही बरोबर चालतात. येण्याआधीच्या दोन महिन्यांत इथल्या नववी-दहावीची विज्ञान आणि गणिताची पुस्तकं वाचून घ्या. एनसीईआरटी आणि बालभारती या दोघांची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात.

सीबीएसईच्या दहावीत गणिताचे 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे दोन पर्याय आहेत. पुढे सायन्स किंवा इंजिनिअरिंगचा विचार असेल तर कोणी कितीही सांगितलं तरी स्टँडर्डच घ्या.

सगळ्यात जड जातं ते हाताने लिहिणं. वर्षानुवर्षं लॅपटॉपवर असाइनमेंट करणाऱ्या मुलाला 80 गुणांची उत्तरपत्रिका तीन तास पेनने लिहायची म्हटलं की बोटं दुखतात, पेपर सुटतो. येत असलेलं अर्धं कागदावर उतरत नाही. पहिल्या आठवड्यापासून रोज एक पूर्ण उत्तर घड्याळ लावून लिहायला बसवा. यासाठी क्लासची गरज नाही.

मराठी आणि हिंदी

2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व बोर्डांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. घरी मराठी बोलणारी मुलंही 'क्ष' आणि 'ज्ञ' पाहून अडखळतात, पण बोलता येत असेल तर वाचन एका सत्रात येतं, आजीकडे रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला द्या. राज्य मंडळाच्या दहावीत तीन भाषा असतात. तिथे जाणार असाल तर मराठी कुठल्या स्तराची घ्यायची, हिंदीऐवजी फ्रेंच-जर्मन त्या शाळेत आहे का, हे प्रवेशाच्या आधी विचारा. सीबीएसईच्या बऱ्याच शाळांत दहावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच किंवा जर्मन चालते. परदेशात ती शिकलेल्या मुलाला मोठा दिलासा मिळतो. भाषेतल्या सवलतीचा अर्ज करता येत असेल तर तो प्रवेशाच्या वेळीच लेखी द्या.

जागा मिळालीच नाही तर

एक वर्ष मागे जाणं हा मला यातला सर्वांत कमी त्रासाचा मार्ग वाटतो, विशेषतः नववीत. घरातल्या मोठ्यांना ते पटत नाही. 'पोराचं वर्ष वाया' असं ते धरून बसतात. परदेशातून आलेली बरीच मुलं इथल्या वर्गात वयाने बरोबरीची किंवा लहानच ठरतात, आणि नववी नीट झाली तर दहावी सावरते.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. वय 14 पूर्ण असलं की दहावीला नाव घालता येतं, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात. खेळाडू मुलांना किंवा अगदीच चुकीच्या महिन्यात आलेल्यांना तो सोयीचा आहे. मुलाला घरात एकटं बसावं लागू नये याची वेगळी तजवीज मात्र करावी लागते. राज्य मंडळाकडे खासगीरीत्या दहावी द्यायची सोय 17 नंबरच्या फॉर्मने होते. अर्जाच्या तारखा लवकर संपतात, म्हणून आल्या आल्या जवळच्या संपर्क शाळेत विचारा.

नाव दाखल झाल्यावर

प्रवेश झाला की पहिल्या आठवड्यात शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली मुलाची नोंद स्वतः डोळ्यांनी वाचा. पुढे शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, अधिवास, सगळं या एका ओळीवरून उतरवलं जातं. परदेशातल्या कागदांवर मुलाचं नाव आणि आडनाव एवढंच असतं. इथे आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम लागतो आणि कारकून आपल्या अंदाजाने तो भरतो. पासपोर्टवरचं इंग्रजी स्पेलिंग, देवनागरीतलं नाव, आईचं नाव, जन्मस्थळात गाव आणि देश, जन्मतारखेत दिवस आणि महिन्याची अदलाबदल (अमेरिकी जन्मदाखल्यावर महिना आधी असतो, तिथे हटकून गफलत होते), हे एकेक ताडून बघा. चूक दिसली तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज आणि जन्मदाखल्याची प्रत द्या, पोच घ्या. बोर्डाकडे नाव गेल्यावर हीच दुरुस्ती शिक्षणाधिकारी कार्यालयातून मंडळापर्यंत फिरते आणि मुलाच्या बारावीपर्यंत पुरते. रजिस्टरच्या त्या पानाचा उतारा मागून घ्या, आणि बोनाफाईड प्रमाणपत्राच्या दोन जास्तीच्या प्रती काढून ठेवा; आधार, बँकेचं खातं आणि बसचा पास यांसाठी त्या महिन्याभरातच लागतात.